पंखा आठ इंची, फट अर्धा इंच

एक्झॉस्ट फॅन घ्यायला गेलं की दुकानदार एवढंच विचारतो, "सहा इंची देऊ की आठ इंची?" हे झालं पात्यांचं माप. आपल्या कामाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो: तासाला किती घनमीटर हवा बाहेर टाकतो.

हिशेब तोंडी होतो. पाच बाय सातची, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे 280 घनफूट, साधारण 8 घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर 80 घनमीटर पुरे. साधा सहा इंचीसुद्धा कागदावर याहून बरीच जास्त हवा ओढतो. तरी आमच्याकडे आठ इंची लावूनही आरशावर वाफ तशीच!

शेवटी अगरबत्ती पेटवली. पंखा चालू, दार बंद. पंख्याशेजारच्या उघड्या खिडकीपाशी धरली तर धूर सरळ पंख्यात. शॉवरच्या कोपऱ्यात धरली तर आरामात वर चाललेला. खिडकीतून आलेली हवा शेजारच्या पंख्यातून बाहेर, वाफ जागच्या जागी. खिडकी लावली आणि दाराखालच्या फटीशी धरली, तेव्हा कुठे धूर आत वळला, पण पंख्याचा आवाज बदलला, बिचारा गुदमरल्यासारखा.

साहजिकच आहे. आठ इंची गोलाचं तोंड 50 चौरस इंचांचं. तीस इंची दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे जेमतेम 15. आत येईल तेवढीच हवा बाहेर जाणार. त्यात पावसाळ्यात लाकडी दार फुगलं की तेवढीही वाट बुजते. सुताराकडून दाराला खाली जाळी बसवून घेतली, तिचा उपयोग मोठ्या पंख्याहून जास्त झाला.

आणखी एक. नवी हवा जुनीत मिसळत जाते, त्यामुळे एकदा हवा बदलली तरी तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त वाफ उरते. तीनदा बदलली की विसावा हिस्सा, आणि तासाला दहाच्या हिशेबाने तीनदा बदलायला अठरा मिनिटं लागतात. म्हणून आंघोळीनंतर वीसेक मिनिटं पंखा चालू ठेवायचा. पंख्यामागे लांब, वळणावळणाचा पाइप असेल तर खोक्यावरचा आकडा विसरा, तो मोकळ्या हवेतला असतो.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र पंख्याच्या भरवशावर राहू नका. फटी बुजलेल्या खोलीत जोरदार पंखा गीझरच्या नळीतून जळका वायू उलटा आत ओढू शकतो, आणि त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गीझर बाहेरच बसवायचा.