रस्त्याचा निधी परत गेला का? माहिती अधिकार अर्ज करण्याआधी हे वाचा

‘आमच्या रस्त्याचा निधी का खर्च झाला नाही?’ असा अर्ज टाकलात तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ एवढी एक ओळ घरी येईल. चीड येते, पण कायदा इथं कार्यालयाच्या बाजूनं आहे. त्यांच्याकडे असलेला कागद मागता येतो, खुलासा मागता येत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या: निधी वितरणाचा आदेश (लेखाशीर्षासह, म्हणजे पैसा बजेटच्या कुठल्या शीर्षाखाली आला त्यासह), प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अदा केलेली बिलं, उपयोगिता प्रमाणपत्र. निधी जूनमध्ये आला आणि कार्यारंभ आदेशावर फेब्रुवारीची तारीख दिसली, की आठ महिने फाईल कुठं झोपली होती ते विचारायचं ठिकाण कळतं.

सगळ्यात जास्त घोळ वर्षाचा होतो. राज्य सरकारच्या खात्यांचा अखर्चित निधी ३१ मार्चला व्यपगत होतो, म्हणजे त्यानंतर वापरता येत नाही. खर्च वर्षभर सारखा व्हावा, उरणारी रक्कम वेळेत समर्पित (म्हणजे सरकारला परत) करावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मार्चएंडला कोषागारात बिलांची झुंबड उडते, ते सोडा. जिल्हा परिषदेचं गणित मात्र वेगळं आहे: शासनाकडून आलेला निधी तिला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत वापरता येतो. म्हणजे २०२४-२५ चा निधी ३१ मार्च २०२६ पर्यंत. मे २०२५ मध्येच ‘निधी बुडवला’ म्हणून अर्ज केला, तर ‘काम प्रगतीत’ असं उत्तर येतं, आणि तेव्हा ते खोटंही नसतं.

रस्ता कुणाचा, हेही आधी बघा. ग्रामीण रस्ते आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, सोलापूर शहरातले बहुतेक महापालिकेकडे. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं बंधनकारक आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये (हा अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, ऑनलाइनही चालतो. एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. तीन गावांचे रस्ते एकत्र विचारू नका. आणि कृपा करून मंडळाच्या लेटरहेडवर अध्यक्ष म्हणून सही ठोकू नका. हा हक्क नागरिकाला आहे, स्वतःच्या नावानं मागा. कारण सांगायची गरज नाही, साहेबांनी विचारलं तरी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ, फक्त पुरावा जोडा. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. ‘येईल, येईल’ म्हणत वाट बघणाऱ्यांची मुदत इथंच जाते. तिथंही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, सोलापूरकरांसाठी पुणे खंडपीठाकडे. तिथं तारीख लागायला वेळ लागतो, तेव्हा पोचपावत्या जपून ठेवा.