मानहाइम बुद्धिबळ स्पर्धा, १९१४
जर्मन बुद्धिबळ महासंघाच्या एकोणिसाव्या अधिवेशनातील मुख्य स्पर्धा. २० जुलै १९१४ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे ती सुरू झाली आणि पहिले महायुद्ध भडकल्यामुळे अर्धवट राहिली. १८ खेळाडूंमध्ये १७ फेऱ्या व्हायच्या होत्या, ११ झाल्या.

खेळ थांबला तेव्हा २१ वर्षांचा रशियन खेळाडू अलेक्झांडर अलेखिन ९.५ गुणांसह आघाडीवर होता. त्यामागे मिलान विदमार (८.५) आणि रुडॉल्फ श्पिलमान (८) होते. ब्रेयर, मार्शल व रेटी यांचे प्रत्येकी ७ गुण होते. सहा फेऱ्या शिल्लक असताना एका गुणाची आघाडी निर्णायक नसते, त्यामुळे या आघाडीवरून अलेखिनला मिळालेले विजेतेपद या मर्यादेसह वाचले पाहिजे. त्याचा खेळ मात्र निर्विवाद उच्च दर्जाचा होता. स्विस खेळाडू फार्नीविरुद्ध फ्रेंच बचाव या डावाच्या सुरुवातीच्या प्रकारात त्याने सहाव्या चालीत राजाच्या बाजूच्या हत्तीचे प्यादे दोन घरे पुढे नेले आणि एक प्यादे देऊ करून हल्ल्यासाठी रेष मोकळी केली. फार्नीने ते घेतले आणि २३ चालींत डाव हरला. हा हल्ला आज अलेखिन–शातार या नावाने ओळखला जातो.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. मुख्य आणि दुय्यम स्पर्धांसाठी आलेली अकरा रशियन मंडळी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली व स्थानबद्ध झाली. अलेखिन, बोगातिरचुक, साबुरोव आणि कोपेलमान यांची सप्टेंबरमध्ये सुटका झाली. ते स्वित्झर्लंडमार्गे परतले. उरलेल्यांना नैऋत्य जर्मनीतील ‘ब्लॅक फॉरेस्ट’ या डोंगराळ प्रदेशातील ट्रिबर्ग गावी ठेवण्यात आले.

या स्पर्धेचे खरे महत्त्व इथे सुरू होते. ट्रिबर्गमध्ये बंदिवानांनी आपसांत स्पर्धांमागून स्पर्धा खेळल्या. एफिम बोगोलजुबोव तिथेच घडला. मानहाइममध्ये मधल्या क्रमांकांवर असलेल्या या खेळाडूने बंदिवासातील बहुतेक स्पर्धा जिंकल्या, स्थानिक स्त्रीशी विवाह केला आणि पुढे तिथेच स्थायिक झाला. १९२५ च्या मॉस्को स्पर्धेत माजी विश्वविजेता लास्कर व तेव्हाचा विश्वविजेता कापाब्लांका यांच्या पुढे राहून तो पहिला आला. १९२९ आणि १९३४ मध्ये विश्वविजेतेपदासाठी अलेखिनशी लढला व दोन्ही वेळा हरला. त्याच्यासोबत ट्रिबर्गला असलेल्या इल्या राबिनोविचने १९२७ मध्ये डावाच्या अखेरीच्या टप्प्यावर महत्त्वाचा रशियन ग्रंथ लिहिला, तर प्योत्र रोमानोव्स्की १९२३ मध्ये सोव्हिएत विजेता झाला.