आतड्याच्या कर्करोगात आयुष्याचा अंदाज कशावरून बांधतात?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं की नातेवाईक आधी विचारतात, ‘गाठ केवढी आहे?’ या रोगात आकाराला मात्र फारसं महत्त्व नाही. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन गट पाडले: गाठ भिंतीतच आहे तो ‘ए’, भिंत ओलांडली तो ‘बी’ आणि लसिकाग्रंथींपर्यंत (प्रतिकारशक्तीच्या छोट्या गाठींपर्यंत) पोचली तो ‘सी’. रोगाचा टप्पा ठरवण्याच्या आजच्या टीएनएम पद्धतीतही गाठ भिंतीत किती खोल गेली आणि ग्रंथींपर्यंत पोचली का, हेच दोन खांब आहेत. दूरच्या अवयवांत प्रसार झाला आहे का, हा तिसरा.

पण ग्रंथी शोधल्या तरच सापडतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातल्या किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा दंडक पुढे रूढ झाला. चारच तपासून ‘ग्रंथी स्वच्छ’ म्हटलं, तर त्या अहवालावर किती विसंबायचं? शल्यविशारदाचा हातही हिशेबात आला तो १९८२ नंतर. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड काढण्याचा आग्रह धरला आणि रोग त्याच जागी उलटण्याचं प्रमाण घटलं. १९८६ साली पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काढलेल्या भागाच्या बाजूच्या कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्या असतील, तर तो तिथेच पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा असतो. म्हणजे रुग्णाचं भवितव्य काही अंशी ऑपरेशन टेबलावर ठरत होतं. हे कबूल करणं त्या पिढीतल्या सर्जनना सोपं गेलं नसावं.

पेशींच्या आतलं राजकारण उलगडायला १९९३ साल उजाडलं. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या गाठी तेव्हा ओळखल्या गेल्या. या रोगात त्यांचं प्रमाण सुमारे १५ टक्के. गंमत अशी, की दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे रोग ग्रंथींपर्यंत पोचलेला नसताना, हा बिघाड शुभसूचक ठरतो. चुकांनी भरलेल्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या चटकन नजरेत भरतात. रोग पसरल्यावर मात्र हेच रुग्ण नेहमीच्या केमोथेरपीवर मागे पडायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना केमोथेरपीऐवजी सुरुवातीलाच पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध दिलं, तेव्हा रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ८.२ महिन्यांवरून १६.५ महिन्यांवर गेला.