वात करपणे

केशाकर्षणाने द्रव ओढून उष्णतेपर्यंत पोचवणाऱ्या तंतूंना पुरवठा अपुरा पडून तंतू स्वतःच जळू लागण्याची क्रिया. समई, कंदील व वातीचा स्टोव्ह यांत ती काजळी, फडफडणारी ज्योत आणि जळकट वास यांनी कळते. विजेच्या कॉइलवर, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, चालणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये (इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये) करपट, घसा ओरबाडणाऱ्या चवीने. प्रस्तुत नोंद मुख्यतः कॉइल व कापूस हाताने बदलता येणाऱ्या व्हेपोरायझरविषयी आहे. समईचा आधार जागोजागी घेतला आहे, कारण दोहोंमागचे तत्त्व एकच असून समईत ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

तत्त्व : भिजलेली वात सहसा जळत नाही. द्रव तापला की मिळालेली उष्णता त्याचे बाष्प होण्यात खर्च होते, आणि तंतूंत द्रव आहे तोवर त्यांचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर जात नाही. द्रव संपला की हा अडसर जातो. व्हेपोरायझरच्या द्रावणातील प्रोपिलीन ग्लायकोल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. कापसातील सेल्युलोज साधारण २५० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते आणि ३०० अंश ओलांडल्यावर त्याचा झपाट्याने कोळसा होतो. त्यामुळे ग्लिसरीनचे प्रमाण जितके अधिक, तितकी कापसाला मिळणारी मोकळीक कमी. पुष्कळ हौशी लोक करपट चवीचा दोष कॉइलच्या धातूला देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बहुतेक वेळा पुरवठ्याचा असतो.

किती पुरवठा लागतो याचा अंदाज सोप्या हिशोबाने काढता येतो. ३० वॅटची कॉइल ३ सेकंद चालली तर ९० ज्यूल उष्णता देते. १ ग्रॅम ग्लिसरीन खोलीच्या तापमानापासून उकळवून त्याचे बाष्प करायला सुमारे १,५०० ज्यूल लागतात. म्हणजे एका झुरक्यात जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅमच्या आसपास द्रव उडेल, आणि तेवढाच द्रव पुढच्या झुरक्याआधी कापसात परत भरला गेला पाहिजे. लागोपाठ झुरके घेतल्यावर तिसऱ्या-चौथ्याला करपट चव येते ती याच कारणाने. तिथे कॉइल बदलण्यापेक्षा थोडे थांबणे किंवा वॅट उतरवणे उपयोगी पडते.

भरण्याचा वेग लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमाने समजतो. ठरावीक वेळात द्रव तंतूंत जितका आत शिरतो ते अंतर श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता ३० अंशांना सुमारे ६१० सेंटिपॉइझ, तर १० अंशांना सुमारे ३,९०० असते. हवा ३० वरून १० अंशांवर आली की तेवढ्याच वेळात द्रव पूर्वीच्या सुमारे ४० टक्के अंतरच कापतो.

नाशिकसारख्या ठिकाणी हा आकडा कागदावरचा राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत शहराचा पारा १० अंशांखाली जाणे नित्याचे आहे, निफाडकडे तर तो कधी ५-६ अंशांवर येतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठते. पहाटे देवघरातल्या समईत ते पांढरे होऊन बसते, वातीच्या टोकाला असलेले थोडे तेल जळून जाते, मागून काही येत नाही आणि कोळसा टोकाकडून मागे सरकू लागतो. वातीचे टोक थोडे काळे होतेच. दोष म्हणायचा तो काळेपणा समईच्या काठाकडे सरकू लागला की. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल त्या थंडीतही प्रवाही राहते. रामकुंडावर द्रोणात ठेवून गोदावरीत सोडल्या जाणाऱ्या दिव्यातली फुलवात आधीच तुपात भिजवलेली असते. तूप बाहेर गोठले तरी वातीत पुरेसे असते, आणि ज्योतीच्या उबेने भोवतीचे विरघळू लागते. नव्या कॉइलचा कापूस पहिल्या झुरक्याआधी द्रावणाने पूर्ण भिजवावा लागतो, त्यामागे हेच कारण आहे.

उगम : विजेवर बाष्प करणाऱ्या या उपकरणाचे जनकत्व वादग्रस्त आहे. जोसेफ रॉबिन्सन यांना अशा उपकरणाचे अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मिळाले; ते औषधी द्रव्यांचे बाष्प देण्यासाठी होते. हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये अर्ज केलेल्या आणि १९६५ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात तंबाखूविना, धुराविना सिगारेटची कल्पना स्पष्ट आहे, परंतु ती तापवलेल्या, ओलसर, सुगंधी हवेवर आधारलेली होती. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांना २००३ च्या सुमाराच्या उपकरणाचे श्रेय सर्वसाधारणपणे दिले जाते. मात्र त्यांच्या आरंभीच्या रचनेत द्रवाचे तुषार श्राव्यातीत कंपनांनी होत असत. तेव्हा कापसाभोवती तापतारेचे वेटोळे ही आजची जोडणी या तिघांपैकी कोणा एकाच्या नावे लिहिणे कठीण आहे. ती अनेक उत्पादक व हौशी कारागीर यांच्या हातून टप्प्याटप्प्याने घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आधीच्या वाती काचतंतूसारख्या सिलिकाच्या दोरीच्या असत. सुमारे २०१० नंतर पोलादी जाळीची गुंडाळीही वापरात आली. तिच्यावर आधी ज्योतीने ऑक्साइडचा थर चढवावा लागे, नाहीतर जाळी आणि कॉइल यांच्यात शॉर्ट होई. कापूस रूढ झाला तो त्यानंतर, बहुधा २०१२-१३ च्या सुमारास. कापूस द्रव लवकर ओढतो, पण करपतो. सिलिका करपत नाही, पण सावकाश भरते.

तापतारेचा इतिहास त्या मानाने निश्चित आहे. निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा कँथल हा स्वीडनमधील हान्स फॉन कांट्सोव यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केला.

दोषशोध : नवी जोडणी पहिल्याच झुरक्याला करपली, तर कापूस कोरडा राहिला किंवा कॉइलमध्ये फार घट्ट बसला असे समजावे. समईची वात वळणाऱ्या हाताला हे ठाऊक असते. पीळ फार घट्ट दिला की तेल चढत नाही, सैल ठेवला की ज्योत वेडीवाकडी जळते. कॉइलमधून कापूस ओढताना थोडा अडला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. खाली सोडलेली टोके द्रावणाच्या वाटेत कोंबली गेली तर टाकी भरलेली असूनही वात उपाशी राहते. हा दोष सर्वांत जास्त फसवणारा आहे, कारण द्रावण तर डोळ्यांना दिसत असते. टोके विंचरून थोडी विरळ केली की पुष्कळदा तेवढ्यानेच चव सुधारते.

कापूस ठीक असूनही एकाच बाजूने करपट वास येत असेल तर कॉइल तपासावी. कापूस काढून कमी वॅटवर थोडा थोडा वेळ तापवल्यास लाली मधून सुरू होऊन दोन्हीकडे सारखी पसरली पाहिजे. एखादेच वेटोळे आधी लाल झाले तर तिथे वेटोळी नीट चिकटलेली नाहीत किंवा तारेचे टोक कुठे टेकले आहे. सिरॅमिक चिमट्याने दाबून किंवा हलके खरवडून हे दुरुस्त होते. ही चाचणी निकेल-क्रोमियम, कँथल व ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील यांच्यावरच करावी. टायटॅनियम व शुद्ध निकेल यांची तार कोरडी तापवून लाल करू नये.

रोध आणि व्होल्टेज यांचा मेळही पाहावा. ०.५ ओहमच्या कॉइलला ४ व्होल्ट दिले तर ३२ वॅट होतात. तेच व्होल्टेज ०.२५ ओहमला दिले की ६४. द्रवाचा पुरवठा तोच, उष्णता दुप्पट. तापमान-नियंत्रण असलेली उपकरणे तारेचा रोध तापमानाबरोबर किती वाढतो यावरून वीज तोडतात. निकेलचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्के वाढतो. कँथलचा जवळजवळ वाढतच नाही, म्हणून ही सोय कँथलवर चालत नाही.

काही दिवस चांगली चाललेली जोडणी हळूहळू करपट होऊ लागली तर बहुधा गोडी आणणाऱ्या द्रव्यांची, विशेषतः सुक्रालोजची, काळी पुटे कॉइलवर बसलेली असतात. एकदा करपलेला कापूस मात्र भिजवून, पिळून किंवा द्रावण बदलून सुधारत नाही. तो काढून टाकावा.

करपण्याची रसायने : कोरड्या कॉइलवर ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकोल यांच्या विघटनातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड व ॲक्रोलीन तयार होतात. २०१५ च्या जानेवारीत जेन्सन व सहकाऱ्यांनी ५ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगे मोठ्या प्रमाणात आढळल्याचे आणि ३.३ व्होल्टवर न आढळल्याचे नोंदवले. त्याच वर्षी फार्सालिनोस व सहकाऱ्यांनी असे मांडले की अल्डिहाइडांचे उच्च प्रमाण केवळ कोरड्या झुरक्याच्या स्थितीत निर्माण होते आणि ती चव असह्य असल्याने वापरणारा ती टाळतो. चवीसंबंधीचा हा आक्षेप सयुक्तिक आहे. परंतु विघटन चव बिघडण्याच्या क्षणीच सुरू होते असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि जिभेला चव ठीक लागली म्हणून बाष्प निरुपद्रवी ठरत नाही.

कायदा : भारतात इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक व जाहिरात यांवर १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने बंदी आली. डिसेंबर २०१९ मध्ये तिचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५ लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.