पाटणे येथील शहामृगाची कवचे

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे गावाजवळ उत्तर पुराश्मयुगीन (जुन्या अश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यातील) थरांत मिळालेले शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे. पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांच्या वंशाचा उल्लेख असलेल्या शिलालेखामुळे हे गाव खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. कवचांची मात्र पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी येथे उत्खनन केले. रेडिओकार्बन पद्धतीने कवचांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. काही कवचांचे मणी घडवलेले आहेत. एका तुकड्यावर समांतर रेघांमध्ये जाळीदार नक्षी कोरलेली असून भारतातील सर्वांत जुन्या कलाकृतींत तिची गणना होते.

कलेइतकेच या कवचांना जीवाश्मशास्त्रातही मोल आहे, कारण शहामृग हा इतर पक्ष्यांप्रमाणेच डायनासोरांचा वंशज आहे. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांना १९६४ मध्ये मोंटाना राज्यात डायनोनायकस या डायनासोरचे अवशेष मिळाले. त्याच्या मनगटाची व हाताची हाडे त्यांनी आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या हाडांशी ताडून पाहिली. दोन पायांवर चालणाऱ्या थेरोपॉड डायनासोरांतून पक्षी उत्क्रांत झाले, हे मत त्यांनी १९७०च्या दशकात नेटाने मांडले. पिसांचा पुरावा हाती येण्यास १९९६ साल उजाडले. चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनासोरच्या पाठीवर तंतुमय आद्यपिसांची झालर दिसली, आणि ती पाहण्याचे भाग्य ऑस्ट्रॉम यांना लाभले.

अंड्याचे कवचही याच नात्याची साक्ष देते. थेरोपॉडांचे कवच पक्ष्यांप्रमाणे एकाहून अधिक थरांचे असते. खानदेशाच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यात सापडलेली डायनासोरांची अंडी (२०२३ च्या शोधनिबंधात ९२ घरटी, २५६ अंडी) टिटॅनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची आहेत. त्यांचे कवच एकथरी असते. पक्ष्यांची वंशरेषा त्यांच्यातून निघालेली नाही. खुद्द खानदेशात डायनासोरांची हाडे मिळण्यास वाव थोडा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या पाषाणाने बहुतेक भूभाग झाकलेला आहे, तर तापी-गिरणेचा गाळ फार अलीकडचा आहे.

भारतीय शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये राजस्थान व मध्य प्रदेशातील शहामृगाच्या अशाच जुन्या कवचांमधून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतील शहामृगाच्या डीएनएशी जवळचा निघाला.