राहिलेला नंबर आणि परत आलेला नंबर

‘चष्मा घालवायला डोळ्यांचे लेसर करूनही नंबर आहेच,’ अशी तक्रार जळगाव-धुळ्याकडे ऐकू येते, तेव्हा त्या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय पुन्हा लेसर करावे की नाही, हे ठरवता येत नाही.

राहिलेला नंबर म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेत पूर्णपणे न गेलेला नंबर. मूळ नंबर मोठा असल्यास असे घडण्याची शक्यता वाढते. महिन्याने तपासले तर उणे एक, तीन महिन्यांनी उणे एक आणि सहा महिन्यांनीही तेवढाच, अशी त्याची चाल असते. परत आलेला नंबर मात्र आधी गेलेला असतो; भुसावळच्या फलाटावरची पाटी चष्म्याविना वाचणाऱ्याला दोन-चार वर्षांनी ती धूसर दिसू लागते.

पुन्हा लेसर करणे हे मुख्यतः पहिल्या प्रकारावरचे उत्तर आहे, आणि तेथेही हिशेब कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, जाडीचा असतो. समजा, मूळ जाडी ५४० मायक्रॉन होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅसिक या लेसरच्या प्रकारात कॉर्नियाचा ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलला आणि सहा नंबरासाठी सुमारे ९० मायक्रॉन घासले गेले, तर पापुद्र्याखाली ३४० उरतात. तेथे किमान २५० राखलेच पाहिजेत, आणि अनेक शल्यचिकित्सक ३०० चा आग्रह धरतात. उरलेल्या एका नंबराला आणखी पंधराएक मायक्रॉन लागत असल्याने या डोळ्यात जागा आहे. जुना पापुद्रा बऱ्याच वर्षांनी उचलल्यास त्याखाली पेशी शिरण्याचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा वरच्या पृष्ठभागावरच लेसर करणे बरे मानतात. स्माइल या छोट्या छेदातून होणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेत तर उचलायला पापुद्राच नसतो.

परत आलेल्या नंबराचे कारण आधी शोधावे लागते. नंबर स्थिर होण्यापूर्वीच, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लेसर केले असेल, तर नेत्रगोलक नंतरही लांबत राहिलेला असू शकतो. पन्नाशीनंतर सुरू होणारा मोतीबिंदूही उणे नंबर आणतो, आणि त्यावर कॉर्निया घासण्यात अर्थ नाही. रक्तातील साखर वाढल्याने सरकलेला नंबर साखर आटोक्यात आल्यावर बहुधा मागे येतो. सर्वांत गंभीर शक्यता कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याची असते. तिरका नंबर (चष्म्याच्या चिठ्ठीवरचा ‘सिलिंडर’) वाढत असेल तर हा संशय घ्यावा, कारण अशा डोळ्यावर पुन्हा लेसर करणे म्हणजे आधीच खचलेली भिंत आणखी तासणे होय.

आपल्याकडच्या वैशाखात उन्हाने आणि कोरड्या हवेने डोळे इतके शुष्क होतात की सकाळचा व संध्याकाळचा नंबर जुळत नाही. म्हणून आधी कोरडेपणावर उपचार आणि मगच मोजणी, हा क्रम सोडू नये. पुण्या-मुंबईला शस्त्रक्रिया करून आलेल्यांची जुनी फाईल बहुधा घरातल्या कुठल्यातरी पिशवीत असते. ती शोधून न्यावी, कारण शस्त्रक्रियेपूर्वीचा कॉर्नियाचा नकाशा आणि तीन महिन्यांनंतरचा नंबर हे दोन कागद हाती आले, की नंबर राहिला होता की परत आला, हे डॉक्टरांना बरेचसे तेथेच कळते.