घशाशी येणं वेगळं, पोटात आग पडणं वेगळं

सत्तरीच्या आईला छातीत जळलं तरी पित्त, पोटात दुखलं तरी पित्त, दोन घासांत पोट भरलं तरी पित्तच. मग शेजारच्या काकू थंड दूध सुचवतात, आत्या ज्येष्ठमधाची काडी पाठवते आणि घरातलं कोणीतरी औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्रॅझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीची पट्टी आणून ठेवतं. कधी उतार पडतो, कधी पडत नाही. पडत नाही तेव्हा बऱ्याचदा दुखणं एक असतं आणि उपाय भलत्याच दुखण्यावर चाललेला असतो.

पहिला प्रकार घशाशी येण्याचा. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. वयाबरोबर ती ढिली पडते, आणि पोटावर दाब आला की आतलं आम्ल वर चढतं. जठराला आम्ल सोसायला अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. म्हणून छातीच्या मधल्या हाडामागे जळतं, आंबट पाणी तोंडात येतं, पहाटे खोकला सुटतो, सकाळी आवाज बसलेला असतो. वाकलं, आडवं झालं की त्रास वाढतो. यात आम्ल जास्त झालेलं असेलच असं नाही, ते नको तिथे पोचलेलं असतं.

दुसरा प्रकार जठराच्या किंवा त्याच्या पुढच्या लहान आतड्याच्या अस्तरालाच सूज किंवा व्रण होण्याचा. इथे दुखतं ते खाली, बरगड्या मिळतात तिथल्या खळग्यात. काहींना उपाशीपोटी किंवा मध्यरात्री पोटात आग पडते आणि चार घास खाल्ले की शांत होते. काहींना उलट खाल्ल्यावरच दुखतं. मळमळ, पोट फुगणं, जेवणावरची वासना जाणं हे सगळं बरोबर येतं. आडवं झाल्याने यात फारसा फरक पडत नाही.

तेव्हा आईला ‘जळजळ होते का’ एवढंच विचारून भागत नाही. कुठे होते ते बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि कधी होते ते विचारा. बोट छातीवरून गळ्याकडे सरकलं तर बहुधा पहिला प्रकार, खळग्यावरच थांबलं तर दुसरा. म्हातारपणी दोन्ही एकत्र नांदू शकतात, हेही खरं. आणि उतारवयात तक्रार कमी अन् इजा जास्त अशी उलटी तऱ्हा असते. ‘जरा पित्त आहे गं, होईल बरं’ म्हणणाऱ्या आईची अन्ननलिका आतून चांगलीच सोललेली निघू शकते.

एक तिसरी शक्यता मात्र घरी ताडून बघत बसायची नाही. जळजळीबरोबर घाम फुटला, धाप लागली, कळ जबड्यात, दंडात किंवा पाठीत गेली, जिना चढताना सुरू होऊन बसल्यावर थांबली, तर ते हृदयाचं समजायचं आणि १०८ला फोन करायचा. मधुमेह असलेल्यांत आणि म्हाताऱ्या बायकांमध्ये हार्ट अटॅक कित्येकदा अपचनाच्या वेशात येतो. सोडा पाजून वाट बघण्याची ती वेळ नाही.

आता घशाशी येण्याचं. त्याचा सगळ्यात मोठा इलाज ताटापेक्षा घड्याळात आहे. संकष्टीची रात्र घ्या. दिवसभर पोटात साबुदाणा खिचडी, शेंगदाणे आणि तीन-चार कप चहा. चंद्रोदय नऊ-साडेनऊला. मग आरती, नैवेद्य आणि दिवसभराची भूक एकदम भागवणारं जेवण: वरण-भात, तूप, मोदक, वर तळणीचं काही. साडेदहाला आई अंथरुणावर आडवी होते आणि बाराच्या सुमाराला उठून बसते. झडप ढिली, पोट तुडुंब, तुपा-तेलामुळे जठर हळू रिकामं होतंय आणि शरीर आडवं. आणखी काय व्हायला हवं! आईला उपवास बंद करायला सांगणं अवघड, ते मी सुचवतही नाही. पण खिचडीऐवजी दुपारी वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची लाही, केळं असं थोडं थोडं, रात्री पानावर मोजकं आणि नंतर निदान दोन-तीन तास बसून राहायचं, एवढ्यावर बहुतेक आया तयार होतात.

एरवीच्या दिवशी रात्रीचं जेवण साडेसातच्या आत उरकावं. दुपारी जेवल्या जेवल्या वामकुक्षी नको, आधी शतपावली, मग हवं तर आरामखुर्चीत टेकावं. परकराची नाडी किंवा पायजम्याचा इलॅस्टिक घट्ट असेल तर सैल करा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पोटावरचा दाब तिथूनही येतो. जेवणानंतर खाली वाकून केर काढणं किंवा निवडायला बसणंही पुढे ढकला.

पलंगाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे जवळपास सगळेच उशा वाढवतात. दोन-तीन उशांवर डोकं ठेवलं की माणूस कमरेत मोडतो आणि पोट उलट दाबलं जातं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला, म्हणजे छातीपासून सगळंच तिरपं होतं. ठोकळे हलत नाहीत ना, हे स्वतः पलंगावर बसून पाहा. रात्री बाथरूमला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे. डाव्या कुशीवर झोपलं की जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं, म्हणून डावी कूस बरी.

खाण्यात म्हणाल तर मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, दोडका हे दोन्ही प्रकारांत चालतं. चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, आंबट ताक, लिंबू हे सोललेल्या अन्ननलिकेला झोंबतं. पित्तावर म्हणून दिलेलं आमसुलाचं पाणीही शेवटी आंबटच! मिरची दोघांनाही त्रास देते, पण व्रण मिरचीने होत नाही. पुदिना मात्र फसवा आहे. पोट फुगलेल्या माणसाला त्याने मोकळं वाटतं, पण ती झडप तो आणखी ढिली करतो, म्हणून घशाशी येणाऱ्याने पुदिन्याचा काढा घेऊ नये. मिश्री लावायची सवय असलेल्या आया-मावश्यांच्या बाबतीत तर आधी तिकडे बघा. तंबाखूतलं निकोटिनही झडप सैल करतं.

दुसऱ्या प्रकारात स्वयंपाकघर चाळून फारसं हाती लागत नाही. तिथे गोळ्यांचा डबा जमिनीवर पालथा करायचा. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन: या गोळ्या जठराचं रक्षण करणारा बुळबुळीत थर बनू देत नाहीत. डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहिलेली गुडघ्याची गोळी पुढे वर्षभर परस्पर आणून घेतली जाते, हे तर घरोघरी दिसतं. अशी गोळी बंद करून पॅरासिटामोल, शेक, गुडघ्याचे व्यायाम यावर भागतं का ते डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका.

त्याच डब्यात पहिल्या प्रकाराचे गुन्हेगारही सापडतात. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन काहींची झडप सैल करते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेट घोटभर पाण्यात गिळून आई परत आडवी झाली, तर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं.

व्रणाचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो दाखवला तेव्हा कोणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी काय होतं? शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी या डॉक्टरांनी १९१५ मध्ये सुचवलेला आहार, म्हणजे तासातासाला दूध आणि साय. कित्येक दशकं व्रणाच्या रोग्यांनी तेच घेतलं. दुधाने क्षणभर थंड वाटतं हे खोटं नाही, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल करायला लावतात. रात्री झोपताना पेलाभर सायीचं दूध तर घशाशी येणाऱ्यालाही नको.

बाकीच्या घरगुती उपायांत बडीशेप, धने-जिऱ्याचं पाणी, केळं निरुपद्रवी आहेत. बरं वाटत असेल तर जरूर द्या. दोन गोष्टींना मात्र मी म्हाताऱ्यांच्या हाताला लागू देणार नाही. पहिली खायचा सोडा. एका चमच्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादाच २ ग्रॅमची सांगितली आहे. पापड-लोणचं बंद केलेल्या रक्तदाबाच्या माणसाला हा सोडा म्हणजे मागच्या दाराने दिलेलं मीठ. दुसरी ज्येष्ठमधाची रोजची काडी. त्यातलं ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम उतरवतं. लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी घसरून हृदयाचे ठोके बिघडतात. दुकानातलं अँटासिड अधूनमधून चालेल, पण थायरॉइडच्या गोळीपासून ते ४ तास लांब ठेवा आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको.

पॅन्टोप्रॅझोल दोन्ही प्रकारांत उपयोगी पडतं, ते जेवणाआधी अर्धा तास घेतलं तर. पण वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी म्हाताऱ्यांत ते आधीच काठावर असतं. त्याला मळमळीवरचं डॉमपेरिडोन जोडलेली गोळी साठीनंतर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून ती परस्पर आणू नये.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी येणं यांतलं काहीही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांकडे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, तेव्हा त्या चालू असतील तर तसं सांगा. पोटाची तक्रार साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली असेल तर डॉक्टर बहुधा दुर्बिणीची तपासणी सुचवतील. ती काही मिनिटांत होते, पण आधी उपाशी राहावं लागतं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आधीच कळवावं लागतं. पायलोरीची तपासणी करायची असेल तर पॅन्टोप्रॅझोल २ आठवडे आधी थांबवायचं का, हेही तारीख घेतानाच विचारून ठेवा. गोळी चालू असली की जंतू पोटात असूनही रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही.